माऊसकडे जाणारा हात: रोजच्या कामात कोण कुठले शॉर्टकट वापरतं?

चौथी_सीट

कंट्रोल ए म्हणजे सिलेक्ट ऑल, बी म्हणजे बोल्ड, अशी झेडपर्यंतची इमेज दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतेच. लोक अंगठे देतात, सेव्ह करतात आणि पुन्हा राइट क्लिक कॉपी, राइट क्लिक पेस्ट सुरू. दोष लोकांचा नाही, त्या यादीचा आहे. शंभर शॉर्टकट कोणालाच लागत नाहीत, ज्याच्या त्याच्या कामात घडीघडी लागणारे आठ-दहा असतात आणि ते प्रत्येकाचे वेगळे. म्हणून हा धागा काढलाय. कृपया यादी चिकटवू नका, तुम्ही काम काय करता आणि त्यात कुठला शॉर्टकट खरंच हातात बसलाय ते लिहा.

माझं काम अंधेरी एमआयडीसीत बॅक ऑफिसचं. मेलमधून आकडे उचला, पोर्टलवर टाका, स्क्रीनशॉट काढून क्लायंटला पाठवा, दिवसभर हेच. आपले शॉर्टकट शोधायची माझी पद्धत अशी की अर्धा दिवस फक्त लक्ष ठेवायचं, हात माऊसकडे कशाला जातोय. माझा जायचा तो कॉपी-पेस्टला आणि दोन विंडोंमध्ये उड्या मारायला.

कॉपी-पेस्टवर इलाज म्हणजे विंडोज की आणि व्ही. साधा कंट्रोल व्ही फक्त शेवटची कॉपी देतो, हा मात्र मागच्या पंचवीस कॉप्यांची यादी समोर ठेवतो. म्हणजे पॅन नंबर, इनव्हॉइस नंबर, रक्कम, तारीख असं एकापाठोपाठ चारदा कॉपी करायचं आणि मग पोर्टलवर जाऊन एकेक निवडून टाकायचं. आधी मी प्रत्येक आकड्यासाठी इकडून तिकडे फेऱ्या मारायचो.

उड्या मारायला ऑल्ट टॅब सगळ्यांना माहीत आहे, पण आठ विंडो उघड्या असल्या की त्यात टॅब टॅब करत बसावं लागतं. त्यापेक्षा विंडोज की आणि आकडा. टास्कबारवर पहिलं क्रोम असेल तर विंडोज १, दुसरं एक्सेल असेल तर विंडोज २. क्रम एकदा पिन करून ठेवला की बोटं आपोआप जातात. आणि दोन विंडो शेजारी शेजारी हव्या असतील तर विंडोज आणि डावा बाण, मग दुसरीला उजवा बाण.

स्क्रीनशॉटला विंडोज शिफ्ट एस. हवा तेवढाच तुकडा कापायचा आणि थेट मेलमध्ये कंट्रोल व्ही. अजूनही अख्खी स्क्रीन प्रिंट स्क्रीन करून पेंटमध्ये कापणारे लोक आमच्या मजल्यावर आहेत, त्यांना माझा दंडवत.

पार्ल्याची_मी

कंट्रोल शिफ्ट टी. चुकून बंद झालेला टॅब परत येतो, अख्खी विंडो बंद झाली असेल तर तीही येते. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

आणि कंट्रोल एल, कर्सर सरळ अ‍ॅड्रेस बारमध्ये. माऊसने ती वरची पट्टी पकडायची आणि मग आधीचं सगळं खोडत बसायचं हा प्रकारच संपतो.

मुलुंड_पूर्व

विंडोज व्ही दाबलं तर रिकामी चौकट आली, त्यात टर्न ऑन असं काहीतरी लिहिलंय. दाबू का? ऑफिसचा पीसी आहे.

चौथी_सीट

हो दाबा, ते एकदाच करावं लागतं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आलेलं फीचर आहे, पण मुळात बंद असतं. मशीन रीस्टार्ट केलं की यादी पुसली जाते, कायम ठेवायचं असेल ते पिन करा. मी जीएसटी नंबर आणि ऑफिसचा पत्ता पिन करून ठेवलाय.

एक मात्र सांभाळा. पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत जाऊन बसू शकतो. पीसी दोन शिफ्टमध्ये दोन जण वापरत असतील तर उठताना क्लिअर ऑल करायचं, आणि चहाला जाताना विंडोज एल म्हणजे स्क्रीन लॉक.

लेजर_पोस्टिंग

तुम्ही सगळे आत्ता शिकताय, आमच्या लाइनमध्ये माऊस कधी नव्हताच. काळबादेवी, मस्जिद बंदर, कुठल्याही व्यापाऱ्याच्या पेढीवर जा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस बघा. माऊस एका कोपऱ्यात, त्यावर व्हाउचरची चळत. टॅली १९८६ पासूनची, म्हणजे डॉसच्या काळातली, आणि कीबोर्डवर चालायचा तिचा तो स्वभाव अजून गेलेला नाही.

एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. हे तर बाराखडीसारखं आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. एफ२ ने तारीख बदलते. पण नवीन पोरांना जे कोणी सांगत नाही ते सांगतो. व्हाउचर टाकता टाकता पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, नाहीये असं कळलं की बाहेर पडून मास्टरमध्ये जायची गरज नाही, तिथेच ऑल्ट सी दाबा, लेजर तयार करा, एंट्री जिथे होती तिथेच परत येते. एंट्री झाली की एंटर एंटर एंटर करत शेवटपर्यंत जाऊ नका, कंट्रोल ए, सेव्ह. दर महिन्याचं भाडं, तेच लेजर, तीच रक्कम, तर डे बुकमध्ये मागच्या महिन्याच्या एंट्रीवर उभं राहून ऑल्ट २. डुप्लिकेट होते, तारीख बदला आणि कंट्रोल ए.

२०२० च्या नोव्हेंबरात टॅली प्राइम आलं तेव्हा आमची बोंब झाली होती कारण काही बटणं हलवली. डेबिट नोट आधी कंट्रोल एफ९ होती ती ऑल्ट एफ५ झाली, क्रेडिट नोट कंट्रोल एफ८ ची ऑल्ट एफ६. वीस-वीस वर्षं बसलेली बोटं, ती काय एका अपडेटने सुधारतात होय, किती दिवस शिव्या घालत होतो आम्ही. पण त्या बदल्यात ऑल्ट जी मिळालं, गो टू. कुठूनही दाबा, रिपोर्टच्या नावाची चार अक्षरं टाइप करा, एंटर. बॅलन्स शीट उघडी ठेवून मधेच एखाद्या पार्टीचं लेजर बघून परत येता येतं. हे मात्र मानलं.

व्हीलुकअप_वहिनी

लेजर_पोस्टिंग दादा, +१. एक्सेलवाल्यांचं पण हेच आहे, फक्त आम्हाला कोणी शिकवलं नाही, आम्ही एकमेकींच्या खांद्यावरून बघून शिकलो.

मी एमआयएस रिपोर्ट, म्हणजे वरच्या साहेबांसाठीचे आकड्यांचे अहवाल, करते, रोज पन्नास-साठ हजार ओळींची फाइल. त्यात खाली जायला माऊसचं चाक फिरवणाऱ्यांना बघून माझा जीव कासावीस होतो. कंट्रोल आणि खालचा बाण, डेटाच्या तळाशी. कंट्रोल शिफ्ट खालचा बाण, तिथपर्यंत सगळं सिलेक्ट. मधे रिकामा सेल असेल तर तो तिथे अडतो, पण त्याचाही फायदा आहे, डेटात भोक कुठे आहे ते लगेच कळतं. फाइल चुकून शेवटच्या ओळीपर्यंत गेली तर १०,४८,५७६ आकडा दिसतो, घाबरू नका, कंट्रोल होम.

एफ४ बद्दल सांगते कारण त्याची दोन कामं आहेत आणि लोकांना एकच माहीत असतं. फॉर्म्युला लिहिताना सेलच्या नावावर असताना दाबलं तर डॉलरची चिन्हं लागतात, परत दाबलं तर फक्त ओळीला, परत दाबलं तर फक्त कॉलमला. आणि फॉर्म्युल्यात नसताना दाबलं तर आत्ता केलेली शेवटची गोष्ट परत होते. एक ओळ पिवळी केली, दुसऱ्या ओळीवर जाऊन एफ४, तीही पिवळी. एक ओळ डिलीट केली, पुढच्या नको असलेल्या ओळीवर एफ४.

कंट्रोल आणि अर्धविराम म्हणजे आजची तारीख, ती उद्या बदलत नाही. टुडेचा फॉर्म्युला टाकला तर उद्या फाइल उघडल्यावर उद्याची तारीख दाखवणार. इनवर्ड रजिस्टरमध्ये हा फरक कळला नाही तर सगळी पत्रं आजच आल्यासारखी दिसतात!

ऑल्ट आणि अर्धविराम वेगळं. तुम्ही हाताने काही ओळी हाइड केल्यात आणि कॉपी केलं तर लपवलेल्या ओळी पण कॉपी होतात, पेस्ट केल्यावर भसकन बाहेर येतात. आधी ऑल्ट अर्धविराम दाबलं तर फक्त दिसणाऱ्या सिलेक्ट होतात. पगाराची फाइल पाठवताना हे माहीत असलेलं बरं.

कंट्रोल ई तर जादूच आहे. एका कॉलममध्ये पूर्ण नावं आहेत, शेजारी पहिल्या ओळीत फक्त आडनाव टाइप करा, खालच्या सेलमध्ये कंट्रोल ई, तो नमुना ओळखून सगळी आडनावं काढून देतो. एक्सेल २०१३ पासून आहे. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितं, कोणी वडिलांचं नाव गाळतं, तिथे तो गंडतो. मी नेहमी खालपर्यंत एकदा नजर फिरवते.

घड्याळ_लावून

थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. ब्रूस टॉग्नाझिनी म्हणून अ‍ॅपलमध्ये इंटरफेसवर काम करणारे गृहस्थ होते, त्यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलंय की लोकांना कीबोर्ड फास्ट वाटतो, पण स्टॉपवॉच लावलं की माऊस जिंकतो. कारण कुठलं बटण हे आठवण्यात जो वेळ जातो तो माणसाला जाणवतच नाही, डोकं कामात असतं ना. मला तरी ते पटतं. आमच्याकडे एक जण आहे, तीन बोटांचा काहीतरी शॉर्टकट आठवत छताकडे बघत बसतो, तोवर मी दोन क्लिकमध्ये काम करून मोकळा.

व्हीलुकअप_वहिनी

छताकडे बघावं लागत असेल तर तो शॉर्टकट त्याचा नाहीच मुळी. महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट मीसुद्धा मेनूतूनच करते, हेडर फूटर बदलायचं तर माऊस. पण कंट्रोल शिफ्ट बाण दिवसात शेकड्याने लागतो, तो आठवावा लागत नाही, हात करतो. साठ हजार ओळी माऊसने ओढून सिलेक्ट करून दाखवा, घड्याळ मी लावते.

घड्याळ_लावून

हरलो वहिनी 😄 तेवढं एक माझ्याकडून मान्य. स्क्रोल करताना फाइल पुढे पळते आणि मग परत मागे यावं लागतं, हे खरं आहे.

अवांतर_आजोबा

अवांतर: कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना लॅरी टेस्लर यांची, झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातली, सत्तरच्या दशकातली. २०२० च्या फेब्रुवारीत गेले. पुढे ते अ‍ॅपलमध्ये आले आणि १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं आली. कीबोर्डकडे बघा, चारही खालच्या ओळीत डावीकडे शेजारी शेजारी आहेत. उजवा हात माऊसवर, डावा या चारांवर. तेव्हा माऊस की कीबोर्ड हे भांडण तुमचं आहे, दोन्ही हात कामाला लावायची सोय तेव्हाच झालेली होती.

उलट कंट्रोल ऑल्ट डिलीट. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी ती तीन बटणं मुद्दाम लांब लांब ठेवली, चुकून एका हाताने दाबलं जाऊन मशीन रीस्टार्ट होऊ नये म्हणून. आता टास्क मॅनेजरच हवा असेल तर तेवढा व्यायाम नको, कंट्रोल शिफ्ट एस्केप, थेट उघडतो.

पार्ल्याची_मी

आजोबा, अवांतर चालू द्या. आउटलुकमध्ये कंट्रोल एफ ने सर्च न होता मेल फॉरवर्ड का होतो ते पण सांगा, माझा रोज संताप होतो.

अवांतर_आजोबा

त्याची पण गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी त्यांच्या ब्लॉगवर सांगितलीय. आउटलुकच्या आधीचं जे मेलचं सॉफ्टवेअर होतं त्याच्या चाचणीच्या काळात कंट्रोल एफ ने सर्चच व्हायचं. पण एका चाचणी करणाऱ्याने तक्रार केली, मला फॉरवर्डची सवय आहे. तो चाचणी करणारा होता बिल गेट्स. मालकाची तक्रार, बदललं बटण! सर्चसाठी कंट्रोल ई वापरा, आणि सांभाळा, लिहिताना कंट्रोल एंटर दाबलंत तर मेल तसाच निघून जातो, अर्धवट असला तरी.

गिरगावचा_छापखाना

कोरलवाले, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे, कोणी आहे का इथे? आमचा धंदा लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणपती मंडळांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. मे महिन्यात गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसतं आणि म्हणतं नवरीचं नाव जरा वर घ्या, जरा मोठं करा, नाही मघाचं बरं होतं. तिथे वेग नसेल तर माणूस वेडा होईल.

पी दाबलं की सिलेक्ट केलेली गोष्ट पानाच्या बरोबर मध्यावर. नमपॅडवरचं अधिक दाबलं की जागच्या जागी दुसरी कॉपी. सी आणि ई ने दोन गोष्टी एकमेकींच्या मध्यावर, एक उभ्या रेषेत एक आडव्या. एफ४ ने सगळं काम स्क्रीनवर मावतं. हे कंट्रोलशिवाय आहेत, नुसतं एक अक्षर, फक्त टाइप करायचं टूल चालू नसलं पाहिजे, नाहीतर पत्रिकेत पी उमटतो.

आणि कंट्रोल क्यू. हा धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा. अक्षरांचे कर्व्ह करतो. आपल्याकडे अजून जुन्या मराठी फॉन्टमधलं काम खूप चालतं, आपल्या मशीनला चि. सौ. कां. दिसतं आणि प्रेसच्या मशीनला तो फॉन्ट नसेल तर तिकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा निघतो. कर्व्ह केले की अक्षराचं चित्र होतं, फॉन्ट असो नसो फरक पडत नाही. पण कर्व्ह केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवायची. मुलाकडच्यांनी ऐनवेळी काकांच्या नावापुढे कै. घालायला सांगितलं की कळतं का ठेवायची ते.

निवृत्त_लिपिक

छापखानेवाल्यांनी फॉन्टचा विषय काढलाच आहे तर मराठी टायपिंगबद्दल लिहितो. इथे सगळे इंग्रजी कीबोर्डबद्दल बोलताहेत, जणू मराठी माणूस मराठी टाइप करतच नाही.

पहिली गोष्ट, विंडोज की आणि स्पेस. मराठी आणि इंग्रजीत अदलाबदल होते. खाली कोपऱ्यात इएनजी वर क्लिक करून भाषा बदलणारे लोक मी मंत्रालयापासून वॉर्ड ऑफिसपर्यंत सगळीकडे बघितलेत.

दुसरी, इन्स्क्रिप्ट शिका, म्हणजे देवनागरीची कीबोर्ड रचना. लोक म्हणतात फोनेटिक सोपं, राम हवा तर इंग्रजीत लिहितो तसं लिहायचं. असेल सोपं. विंडोजमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक आलंय, अधूनमधून दोन ओळी लिहिणाऱ्याने खुशाल वापरावं. पण रोज चार पानं टंकायची असतील तर इन्स्क्रिप्ट. सरकारी लिपिकाला मराठी मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, क्लासमधल्या पोरांना विचारा. त्याची रचना डोक्यात बसते कारण ती आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. के वर क आणि शिफ्ट के वर ख. आय वर ग आणि शिफ्ट आय वर घ. म्हणजे अर्धी अक्षरं पाठ करायचीच नाहीत. हलंत डी वर, जोडाक्षराला तेवढा एक लागतो.

आता जे लोकांना सापडत नाही ते. ज्ञ, त्र, क्ष, श्र ही अक्षरं तोडून जोडत बसू नका, शिफ्ट ५ ला ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र. शिफ्ट ४ ला रफार, शिफ्ट ३ ला खालचा र. ऑफिसमधला ऑ हवा तर शिफ्ट आणि उलटी तिरकी रेघ, आणि बॅटमधला चंद्र शिफ्ट २ ला. ळ शिफ्ट एन. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, दुसऱ्या, करणाऱ्या यातला तो आडवा र. साध्या र ला हलंत दिलात तर रफार होतो आणि शब्द भलताच दिसतो. शिफ्ट जे ला नुक्तावाला ऱ आहे, तो, मग डी, मग य. झालं. वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवरसुद्धा हे चुकलेलं दिसतं, मला फार लागतं ते.

रुपयाचं चिन्ह: कीबोर्ड इंग्लिश इंडिया असेल तर कंट्रोल ऑल्ट ४. यूएस असेल तर येत नाही, आणि दुकानातून आलेल्या मशीनवर पुष्कळदा यूएसच असतो. वर्डमध्ये मात्र कुठलाही असला तरी २०बी९ इंग्रजीत टाइप करून ऑल्ट एक्स दाबा, ₹ होतं. चिन्ह १५ जुलै २०१० ला मंजूर झालं आणि ते काढणारे उदयकुमार आपल्या पवईच्या आयआयटीतले, हे मुंबईकरांना तरी माहीत असावं.

मुलुंड_पूर्व

काका, वर्डमध्ये शिफ्ट एफ३ ने कॅपिटल स्मॉल होतं तसं मराठीत काही?

निवृत्त_लिपिक

मराठीत कॅपिटल स्मॉल नाहीच, तो त्रास देवाने आपल्याला दिला नाही. मराठीत लिहिताना मला सर्वात उपयोगी कंट्रोल बॅकस्पेस. अख्खा शब्द खोडतो. नुसत्या बॅकस्पेसने क्ष्म्य असलं काही खोडायचं तर मात्रा, हलंत, अक्षर असे एकेक निघतात.

आणि बोटं दुखत असतील तर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून कंट्रोल शिफ्ट एस, मराठी निवडा आणि बोला. उच्चार स्वच्छ असेल तर बरंच बरोबर उमटवतो. विरामचिन्हं आपली आपण.

ऐकून_वाचतो

बराच वेळ धागा वाचतोय, म्हणजे ऐकतोय. मला दिसत नाही. मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकल करन आणि जेम्स टेह यांनी २००६ च्या सुमारास सुरू केलेला. मराठीही वाचतो, आवाज जरा यंत्रासारखा आहे, सवय होते.

तुम्ही वर माऊस फास्ट का कीबोर्ड फास्ट यावर घड्याळ लावताय, माझ्याकडे तो पर्यायच नाही. माऊसचा बाण कुठे आहे हे ज्याला दिसत नाही त्याला शॉर्टकट म्हणजेच कॉम्प्युटर. त्यामुळे काही गोष्टी मला माहीत आहेत ज्या दिसणाऱ्यांना सहसा नसतात, त्या सांगतो.

वर्ड, एक्सेलमध्ये ऑल्ट एकदा दाबून सोडा. वरच्या रिबनवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर, प्रत्येक गोष्टीवर एकेक अक्षर येतं. ते दाबलं की आतली अक्षरं येतात. म्हणजे कुठलाही शॉर्टकट पाठ नसला तरी हे धरून कुठेही पोचता येतं, आणि चारदा तीच वाट चाललात की ती पाठ होते. यादीपेक्षा हे बरं. राइट क्लिकला शिफ्ट एफ१०. आधी कीबोर्डवर त्याचं वेगळं बटण असायचं, २०२४ पासून नव्या लॅपटॉपवर पुष्कळदा तिथे कोपायलट या एआय मदतनिसाचं बटण बसवलंय, आमच्यासारख्यांची त्याने गैरसोय झाली, पण शिफ्ट एफ१० शाबूत आहे. एफ६ ने एकाच विंडोच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता येतं. विंडोज बी ने घड्याळाजवळच्या छोट्या चित्रांवर.

वेबसाइटवर मी एच दाबत मथळ्यांवरून उड्या मारत जातो, के ने लिंक, बी ने बटण, टी ने टेबल. इन्सर्ट एफ७ ने पानावरच्या सगळ्या लिंक यादीत. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा साइट बनवणाऱ्याने मथळ्याला मथळा म्हणून टाकलेलं असतं, नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलेलं नसतं. एका फॉर्मवर सबमिटचं बटण टॅबने सापडतच नाही, कारण ते बटण नाहीच, बटणाचं चित्र आहे. तिथे मला शेजाऱ्याला हाक मारावी लागते. तुमच्यापैकी कोणी साइट बनवत असेल तर एक करा, माऊस काढून ठेवा आणि टॅब, एंटर, स्पेस एवढ्यावर तुमचा स्वतःचा फॉर्म भरून बघा.

मुंबईत कोणाच्या घरी, ओळखीत गरज असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून एक्सआरसीव्हीसी म्हणून दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

लेजर_पोस्टिंग

साहेब, टॅली वाचतो का तुमचा स्क्रीन रीडर? आमच्या ओळखीतल्या एकाची नजर अधू होत चाललीय, हिशेबाचं काम सोडावं लागेल म्हणतो.

ऐकून_वाचतो

मी स्वतः टॅलीवर काम करत नाही, त्यामुळे खात्रीने बोलणार नाही, वर लिहिलेल्या केंद्रात त्यांना घेऊन जा, ते बसवून दाखवतील. एक्सेलवर मात्र काम अगदी व्यवस्थित करता येतं, मी रोज करतो, वहिनींनी लिहिलेले जवळजवळ सगळे माझेही आहेत. आणि नजर थोडी असेल तर आज रात्रीच विंडोज आणि अधिक दाबून बघायला सांगा, मॅग्निफायर उघडतो, विंडोज एस्केपने बंद.

व्हीलुकअप_वहिनी

तुमचा प्रतिसाद आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना? आमच्याकडे इंट्रानेट बनवणारी टीम आहे, त्यांना तो टॅब-एंटरचा प्रयोग करायलाच लावते.

ऐकून_वाचतो

खुशाल टाका. त्यांनी काय केलं ते इथे लिहा.

प्लास्टर_उजवा

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे धागा अगदी वेळेवर. डाव्या एका हाताने कंट्रोल शिफ्ट अमुक तमुक जमत नाही. शिफ्ट पाचदा दाबलं की स्टिकी कीज येतात, मग कंट्रोल दाबून सोडायचं, शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर. एकेक करून चालतं. इतके दिवस ती चौकट चुकून आली की मी वैतागून बंद करायचो, ती कशासाठी आहे ते आत्ता कळलं.

एकटा_मॅकवाला

आमचं पण लिहा कोणीतरी. कंट्रोलच्या जागी कमांड धरलं की वरचे निम्मे तसेच चालतात. कमांड स्पेसने काहीही शोधा, कमांड शिफ्ट ४ ने तुकड्याचा स्क्रीनशॉट. दिवसा ऑफिसला विंडोज आणि रात्री घरी मॅक, अंगठा आणि करंगळीचं भांडण लागतं.

मुलुंड_पूर्व

वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न. भावाने टॅली शिकायला नवीन लॅपटॉप घेतला, एफ५ दाबलं की पेमेंट व्हाउचरच्या जागी कीबोर्डचा दिवा लागतो, एफ६ ला स्क्रीनचा उजेड कमी होतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन वेगळा कीबोर्ड घ्यावा लागेल का?

लेजर_पोस्टिंग

थांबा, खर्च नको. वरच्या ओळीला दोन कामं दिलेली असतात. डावीकडे खाली एफएन बटण असेल, ते धरून एस्केप दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एस्केपवर छोटं कुलूप काढलेलं असतं, तेच ते. नाही झालं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, ते असतं, ते मॉडेल सांगा मग बघू.

कीबोर्ड मात्र पुढेमागे घ्याच. टॅलीला नमपॅड लागतो, लॅपटॉपवरच्या आकड्यांच्या ओळीवर रकमा टाकत बसला तर वेग येणार नाही. टीव्हीएस गोल्ड मिळाला तर बघा, टकटक आवाज करतो, घरात कोणी झोपलेलं असेल तर शिव्या बसतील, पण टिकतो.

मुलुंड_पूर्व

कुलूप होतं एस्केपवर. एफ५ ला पेमेंट आलं. कीबोर्डसाठी शनिवारी जातो, किमतीत किती घासाघीस करायची ते पण सांगून ठेवा.

लेजर_पोस्टिंग

चार दुकानं फिरा, बिल मागा, वॉरंटीचा शिक्का त्याच्यासमोर मारून घ्या. आणि दुकानातच आकडे टाइप करून बघा, नमपॅडच्या पाचवर बोटाला लागेल असा उंचवटा असतो, तो नीट जाणवला पाहिजे.